मिठाच्या नावातलं गोड

दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ही पाच नावं एका दमात म्हणून पाहा. एखाद्या जुन्या घरातल्या पोरांची लाडाची नावं वाटतात. प्रत्यक्षात ही लोणारच्या सरोवरातून निघणाऱ्या क्षारांची नावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे ला टूश आणि ख्रिस्ती हे दोघे लोणारला आले, सरोवराचा अभ्यास केला. पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या तिथल्या माणसांनी उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा नि चिखलातला माल वेचून, हाताने चोळून, जिभेला लावून त्याची प्रतवारी केली होती. पापडीसारखा पातळ थर तो पापडी. भुशासारखा भुरभुरीत, मातीमिश्रित तो भुस्की. आणि ज्यात खायच्या मिठाचा भाग अधिक, तो निमक दल्ला.

मला या यादीत अडकायला झालं ते त्या दुसऱ्या नावापाशी. गावाचं नाव लोणार, म्हणजे उघडच लवणावरून आलेलं. माल वेचणारी माणसं मराठी बोलणारी. मग ‘मीठ दल्ला’ का नाही? फारसीतला ‘निमक’ घाट चढून इथवर कसा आला? आणि ‘लोण’ हा घरचा शब्द गावाच्या नावात थिजून का बसला?

निमकाचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. लोणारचा क्षार हा घरगुती माल कधीच नव्हता, तो महसुलाचा माल होता. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. त्यात मेहकर सरकारातलं लोणार येतं, डोंगरांनी वेढलेला मोठा जलाशय येतो, काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे निघतो आणि त्यातून सरकारला बरंच उत्पन्न मिळतं, असंही येतं. जिथे महसूल तिथे दफ्तर, आणि जिथे दफ्तर तिथे फारसी. मुघल गेले, निजाम आला, दफ्तराची भाषा तीच राहिली. गोणीत भरताना माल कुणी काही म्हणत असेल, वहीत चढताना तो निमक झाला आणि मग बाजारातही निमकच राहिला. आपल्याकडे जमीन मराठी, तिचा सातबारा मराठी, पण ‘महसूल’, ‘जमाबंदी’, ‘तहसील’ सगळं फारसी-अरबी. त्यातलाच हा प्रकार.

आता खुद्द मालाकडे. लोणारचं पाणी समुद्रासारखं खारट असेल अशी समजूत करून गेलेल्याची फसगत होते. ते खारट आहे, पण त्याहून जास्त ते बुळबुळीत आहे. बोटं चोळली की साबण लागल्यासारखी घसरतात. त्याचं कारण त्यातला सोडा, म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. इतक्या अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टिकत नाहीत, तळाशी बसतात, आणि मागे राहतं सोडियम. त्याला जोडीदार दोन: एक कार्बोनेट, दुसरा क्लोराईड. खड्ड्याचा घेर मोठा, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. आसपासचं पाणी आत येतं, धारेचं गोडं पाणी बारमाही आत पडतं, पण बाहेर जायला वाट नाही. बाहेर जातं ते फक्त वाफ होऊन, आणि वाफ मीठ घेऊन जात नाही. हजारो वर्षं असं चाललं की जे व्हायचं ते झालं.

पण मग एकाच पाण्यातून सोडा वेगळा आणि मीठ वेगळं कसं मिळावं? इथे मिठाचा एक गुण कामाला येतो. तो आपण रोज स्वयंपाकघरात बघतो आणि त्याकडे लक्ष देत नाही. बर्फाइतक्या थंड, शून्य अंशाच्या शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, आणि उकळत्या पाण्यात ३९. म्हणजे पाणी तापवून फारसं काही हाती लागत नाही. साखरेचं तसं नाही, पाक करणाऱ्या बाईला ते ठाऊक असतं. सोड्याचंही तसं नाही. शून्य अंशाला सोडा जेमतेम ७ ग्रॅम विरघळतो, आणि तीस अंशाला चाळिसाच्या घरात जातो. म्हणून दोन्हींचं गरम, दाट पाणी आटवलं की मीठ आधी खाली बसतं, आणि उरलेलं पाणी गार केलं की सोडा स्फटिक धरतो. लोणारच्या खळग्यात हे काम ऊन, वारा आणि ऋतू करत आले. एका थरात एकाचा भाग जास्त, दुसऱ्यात दुसऱ्याचा. तो फरक माणसांनी डोळ्याने ओळखला आणि त्याला नावं दिली. प्रयोगशाळेने पुढे टक्केवारी दिली, इतकंच.

कॉलेजात शुद्ध मीठ करायची एक रीत शिकवत. मिठाचं संपृक्त द्रावण गाळून घ्यायचं आणि त्यात हायड्रोजन क्लोराईडचा वायू सोडायचा. द्रावण गढूळ होतं आणि पांढऱ्या बर्फासारखं मीठ खाली बसू लागतं. बाकीची घाण पाण्यातच राहते. क्लोराईड आधीच भरपूर, त्यात आणखी क्लोराईड आलं की मिठाला पाण्यात जागा उरत नाही. आमचे शिक्षक हे फार रंगवून सांगत. पण ‘मीठ साफ करणं’ ही क्रिया मिठाच्या नावातच दडलेली असू शकते, हे मला त्यानंतर खूप वर्षांनी सुचलं. ते पुढे येईल. आधी लोण.

लोणार हा शब्द कसा फोडायचा, याला दोन वाटा आहेत. कुंभकार-कुंभार, सुवर्णकार-सोनार, लोहकार-लोहार, चर्मकार-चांभार. त्याच साच्यात लवणकार-लोणार ओतता येतो, म्हणजे मीठ करणारा. महाराष्ट्रात लोणारी समाज आहे. त्याचं नाव मिठाशी बांधलेलं आहे, जरी पुढे चुना आणि कोळसा भाजणं हाच त्यांचा मोठा धंदा झाला. दुसरी वाट ‘आकर’ची. आकर म्हणजे खाण. प्राकृतात त्याचा आगर होतो आणि तोच आपल्या मिठागरात बसलेला आहे. लवणाकर, म्हणजे लवणाची खाण, झिजत झिजत लोणार. गावाच्या नावाला मला ही दुसरी वाट जास्त शोभते, कारण ते गाव आहे, माणूस नव्हे. लोककथेला अर्थात दोन्ही वाटा नकोत. तिला लवणासुर पुरतो. तो इथे बिळात राहत होता, विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याला मारलं, आणि सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि मांसाचे क्षार. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात ही कथा दगडात आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. पण एक गोष्ट तिने चोख सांभाळली: ‘लवण’ हा शब्द. गाव लोणार झालं, तरी दैत्य लवणच राहिला. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही कळत राहिलं की या नावात मीठ आहे.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोणारला आले, मेहकरला राहिले. ‘लीळाचरित्रा’त ही गावं येतात. म्हणजे मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात हे नाव आजच्याच रूपात आहे. साडेसातशे वर्षांत ते अजिबात झिजलं नाही. बाकीची मराठी मात्र त्या काळात ‘लोण’ सोडून ‘मीठ’ म्हणायला लागली.

सोडून म्हणजे कसं, तर पुढच्या दाराने. मागच्या दाराने लोण घरात आहेच. जेवताना भाजीची चव घेऊन आपण म्हणतो ‘अळणी’ आहे. हे अ-लवण. म्हणजे मिठाचा अभाव सांगायला जुना शब्द, मीठ मागायला नवा. लोणचं हे तर उघड लवणाचं पोर. वैद्याच्या पुड्यांत शेंदेलोण आहे, म्हणजे सैंधव लोण, सिंधू प्रांतातलं. पादेलोण आहे, त्याच्या पहिल्या दोन अक्षरांची व्युत्पत्ती वास घेतल्यावर ज्याची त्याने करावी. संस्कृत शिकलेल्या माणसाला सैंधवावरून एक जुनं उदाहरण आठवेल: कुणी ‘सैंधव आण’ म्हणाला तर काय आणायचं? सैंधव म्हणजे सिंधूकाठचं मीठही आणि सिंधूकाठचा घोडाही. जेवायला बसला असेल तर मीठ, निघायच्या तयारीत असेल तर घोडा. शब्दाचा अर्थ प्रसंगाने ठरतो हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

लावण्यही लवणातूनच आलंय. रूपाला मीठ असावं लागतं, नाहीतर ते अळणी दिसतं, हे आपल्या पूर्वजांना पटलेलं होतं. हिंदीतलं सलोना तेच सांगतं. आणि लमाण. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून किनाऱ्याचं मीठ देशावर आणि वऱ्हाडात आणणारे, परतताना इथलं धान्य नेणारे. त्यांच्या नावाचं मूळही लवणात शोधतात. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या भागात आज बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मिठाच्या नावाचं गाव आणि मिठाच्या नावाची माणसं एकाच मुलखात. रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावपर्यंत फाटा गेला, आणि बैलांच्या पाठीवरचं ओझं मालगाडीत गेलं.

खेळातही लोण आहे. आट्यापाट्यांत शेवटची पाटी ओलांडून परत येणारा गडी लोण आणतो. काही ठिकाणी त्या खेळालाच लोणपाट म्हणतात. मिठागरातले बांध आणि वाफे वरून पाहिले तर आट्यापाट्यांचं मैदानच आखल्यासारखं दिसतं. कबड्डीत सगळा संघ बाद झाला की लोण चढतो, दोन गुण जादा. आणि वर्तमानपत्रात दर आठवड्याला कशाचं तरी ‘लोण पसरतं’: संपाचं, आंदोलनाचं, फॅशनचं. ते वाचताना मीठ कुणाच्याही मनात येत नाही.

मात्र लोण दिसलं की मिठाकडे धावायचं नाही. लोणी हे नवनीतातून आलंय, त्याचा मिठाशी संबंध नाही. लोणकढी थाप ही लोण्याची, ताज्या कढवलेल्या तुपाची. लोणावळ्यात लेणी आहेत. व्युत्पत्तीच्या नादात माणूस इतका वाहवतो की त्याला वाटेत भेटेल तो पाहुणा नातेवाईक वाटायला लागतो.

लोणाचा सगळ्यात आतला कोपरा लिंबलोणात आहे. आमची आजी घाटावरची, चिखलीकडची. पोर खेळून आलं आणि तापाने फणफणलं की ती मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन तीनदा उतरवायची आणि चुलीत टाकायची. मग तडतड. “पाह्य, किती दिठ लागली होती पोराले,” असं म्हणून ती समाधानाने हात झटकायची. तडतड जितकी जास्त तितकी दृष्ट जास्त, हा तिचा मापदंड. त्या आवाजाचं कारण मोहरीत असतंच, पण मिठातही असतं. मिठाचा खडा वाढताना खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब त्याच्या आत कोंडले जातात. खडा आगीत पडला की त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते, आणि खडा फुटतो. म्हणून बारीक दळलेलं मीठ इतकं तडतडत नाही. आजी पिशवीतलं मीठ दृष्टीला कधी वापरत नसे, खडेमीठच लागायचं. तिचा अनुभव अचूक होता. आणि चुलीतली ज्वाळा त्या क्षणी पिवळीधमक व्हायची, ती सोडियममुळे. मीठ स्वतः वितळायला ८०१ अंश लागतात, चुलीतल्या निखाऱ्यांवर ते सहसा वितळत नाही. फुटतं, उडतं आणि राखेत जातं.

हीच आजी दिवेलागणीनंतर मीठ कुणाला देत नसे. शेजारीण दारात आली तर आधी तिला बसवायची, चहा द्यायची, आणि मिठाचं नाव निघू द्यायची नाही. इथून आपण ‘मीठ’ या शब्दापाशी येतो.

टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात मराठी मीठ हा शब्द संस्कृत ‘मृष्ट’च्या खाली सापडतो. मृष्ट, मिष्ट. मिष्टान्नातलं मिष्ट. त्याच नोंदीत हिंदीचं मीठा आहे, आणि गुजरातीचं मीठुंही, जे आपल्यासारखंच मिठाला म्हणतात. म्हणजे मराठी आणि गुजराती या दोन शेजारणींनी, दोघींच्या किनाऱ्यावर मिठागरं असताना, खाऱ्या वस्तूला गोड नाव दिलं. मलकापूरच्या स्टेशनवर मी एकदा बुऱ्हाणपूरकडच्या एका प्रवाशाला चहावाल्या पोराशी हुज्जत घालताना पाहिलं. “मीठा कम” असं तो सांगत होता, आणि पोरगं गोंधळून त्याच्याकडे बघत होतं. चहात मीठ टाकतंच कोण?

गोड नावाचं पहिलं कारण जे कुणालाही सुचेल, ते म्हणजे अशुभ टाळणं. आपण दिवा विझवत नाही, वाढवतो किंवा शांत करतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. कुंकू पुसत नाही. दुकान बंद करत नाही, वाढवतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मग जी वस्तू संध्याकाळी उसनी द्यायची नाही, जी सांडायची नाही, जिचा उतारा करतात, तिला नावानिशी हाक कशी मारायची? तिला उलटं, गोड नाव द्यायचं. हे पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच मला ते पुरेसं वाटत नाही. अशुभाच्या भीतीने ठेवलेलं नाव सहसा प्रसंगापुरतं राहतं. ‘दिवा वाढव’ म्हटलं तरी विझणं हा शब्द मराठीतून गेला नाही. मिठाने मात्र लोणाची पुढच्या दारातून पूर्ण हकालपट्टी केली.

दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. मृष्ट हा शब्द मृज् धातूपासून झाला. मृज् म्हणजे घासणं, पुसणं, धुऊन स्वच्छ करणं. मृष्टचा पहिला अर्थ ‘साफ केलेलं’, आणि त्यातून पुढे ‘रुचकर’, ‘मधुर’. निवडलेलं, धुतलेलं, साफ केलेलं अन्न चवीला लागतं, असा तो प्रवास. आता खाणीतून, खाऱ्या जमिनीतून, सरोवराच्या चिखलातून निघणारा माल कसा असतो? त्यात माती, सोडा, कडू क्षार, सगळं एकत्र. तो लोण किंवा खार. तो धुऊन, विरघळवून, निवळून, पुन्हा आटवून जे पांढरं उरतं, ते मृष्ट. माझा अंदाज असा की मीठ हा शब्द आधी वस्तूचा नव्हता, तिच्या साफ केलेल्या प्रतीचा होता. जसं ‘साफ तांदूळ’ म्हणावं, तसं काहीसं. आणि बाजारात साफ प्रतीचं नाव पुढे सगळ्या वस्तूला चिकटतं, हे आपण रोज बघतो. लोणारच्या यादीत निमक दल्ला वेगळा काढला गेला, तो याच नजरेने.

या अंदाजाला एक पुष्टी ‘गोड’ शब्दातून मिळते. मराठीत गोड म्हणजे साखर घातलेलंच असं नाही. गोडं तेल गोड नसतं. गोडा मसाला गोड नसतो. गोडं पाणी तर मुळीच गोड नसतं, फक्त खारं नसतं. म्हणजे मराठी जिभेला गोड म्हणजे बाधा न होणारं, रुचणारं. मग मीठ घातलेलं जेवण गोड लागतं आणि अळणी लागत नाही, यात विसंगती कसली? बायका अजून म्हणतात, आज आमटी गोड झाली. त्यात गुळाचा खडा असेलही, पण कौतुक मिठाचंच असतं.

घाटाखाली उतरलं की गोडं पाणी हा शब्द जिवाचा होतो. बुलडाणा जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत: चिखली, मेहकर, लोणार घाटावर, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या गाळाचा जाड थर आहे आणि त्याखालचं पाणी खारं. अमरावती, अकोला, बुलडाणा असा तो पट्टा पसरलाय, खारपाणपट्टा. विहीर खणावी तर ती खारी लागते, शेताला द्यावं तर जमीन बिघडते. वरण शिजायला वेळ घेतं, साबणाला फेस येत नाही. खारपाण हा शब्द किती नेमका आहे पाहा: खारं पाणी नव्हे, खारपाण, एकच सामासिक शब्द, जणू तो पाण्याचा गुण नसून जातच वेगळी.

त्याच पाण्याने १९३० मध्ये एक काम केलं. देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडात प्रश्न पडला, समुद्र आणायचा कुठून? उत्तर खारपाणपट्ट्यातच होतं. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला एप्रिल १९३० मध्ये खाऱ्या विहिरीचं पाणी कढईत आटवून कायदा मोडला गेला. या खोऱ्यात खाऱ्या विहिरींचं मीठ करण्याची जुनी रीत होती, ती इंग्रजांनी बंद पाडली होती. दांडीला समुद्र होता, इथे विहीर आणि चूल. कढईच्या तळाशी जे पांढरं उरलं असेल, त्याला सरकारी वकील काहीही म्हणो, वऱ्हाडी माणूस मीठच म्हणाला असणार. निमक नाही, लोणही नाही.

शाळेच्या पुस्तकात या सगळ्यावर एक वेगळाच घोळ आहे. संस्कृतात क्षार म्हणजे राखेतून काढलेला दाहक पदार्थ, आणि लवण म्हणजे मीठ. हिंदीने हा भेद पाळला: तिथे क्षार म्हणजे अल्कली, लवण म्हणजे मीठवर्ग. मराठी पाठ्यपुस्तकांत आम्लाच्या विरुद्ध आम्लारी, आणि दोन्हींच्या संयोगातून बनतो तो क्षार. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडच्या मुलाचा क्षार आणि जळगाव जामोदच्या मुलाचा क्षार, एकमेकांचे विरोधक. यात चूक कुणाची हे मी ठरवणार नाही, पण लोणारपुरता मराठी शब्द योग्यच बसतो. तिथे दोन्ही अर्थांचे क्षार एकत्र नांदतात.

इंग्रजीतून आलेल्या ‘अल्कली’चा जन्मही राखेतलाच. अरबीत खाऱ्या जमिनीवरची झुडपं जाळून जी राख काढत, तिच्या नावातला तो ‘कली’. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने दाहक सोड्यातून वीज सोडून एक मऊ, सुरीने कापता येणारा धातू काढला आणि सोड्यावरून त्याला सोडियम म्हटलं. क्लोरिन त्याआधी शेलने १७७४ मध्येच काढला होता, पण तो मूलद्रव्य आहे हे डेव्हीने १८१० मध्ये सांगितलं आणि त्याच्या हिरवट पिवळ्या रंगावरून ग्रीक नाव दिलं. लगोलग, १८११ मध्ये, श्वाइगर या जर्मन रसायनज्ञाने क्लोरिनसाठी ‘हॅलोजन’ हे नाव सुचवलं. ग्रीक ‘हॅल्स’ म्हणजे मीठ. हॅलोजन म्हणजे मीठ जन्माला घालणारा. पाण्यात टाकला की पेट घेणारा एक धातू, नाका-छातीला जाळणारा एक वायू. वजनाने पहिल्याचे सुमारे ३९ भाग, दुसऱ्याचे सुमारे ६१, आणि दोघांच्या संसारातून भाकरीवर टाकायची चिमूट. या जोडीला हॅलाईड म्हणतात. म्हणजे रसायनशास्त्राच्या वर्गवारीतही मिठाचंच नाव सगळ्या वर्गाला मिळालं.

तो ग्रीक शब्द २०२० च्या जूनमध्ये लोणारला येऊन पोचला. सरोवराचं पाणी गुलाबी झालं, फोटो जगभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण सांगितलं: पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला, आणि हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी गुलाबी रंग सोडला. हॅलो म्हणजे तेच मीठ. लवणाच्या नावाचं गाव, आणि त्यात हॅल्सच्या नावाचे जीव. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. एका वृत्तवाहिनीवर निवेदिका ‘हॅलो आर्किया’ असं तोडून म्हणाली, तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंना वाटलं कुणीतरी फोन उचलतंय.

सरोवराच्या काठी, कमळजादेवीच्या देवळाजवळ, सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, अशी तिची ख्याती. गोड कुणाची आणि खारी कुणाची, हे सांगणाऱ्याच्या वयावर अवलंबून. मी विचारलं त्या बाईने मला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग म्हणाली, “तुमी सासू व्हाल तवा कळन.”

माझं आजोळ नांदुऱ्याकडे. घाटावरून मामाकडे जायचं म्हटलं की आई पिशवीत कपड्यांच्या आधी पाण्याचा डबा भरायची. वाण धरणाचं पाणी नळाने गावोगाव गेलं त्याच्या फार आधीची गोष्ट. एस.टी.च्या हादऱ्याने झाकणातून पाणी सांडायचं, पिशवी ओली व्हायची. मामी अंगणातच भेटायची. पाया पडायच्या आधी तिचा प्रश्न तयार असायचा, “गोडं पानी आनलं का वो?” आणि रात्री जेवताना भाजीचा पहिला घास घेऊन आईने मिठाकडे हात नेला की मामी तिचा हात धरायची. “राहू द्या वन्सं, आमच्या पान्यातच हाये ते.”